पाटाच्या चारी बाजूंनी

कीर्तनात आशाबाईंची जागा ठरलेली होती. बुवांच्या अगदी समोर, बायकांच्या सतरंजीचं पहिलं टोक. तिथं दुसरं कुणी येऊन बसलं तर आशाबाई भांडत नसत. शेजारी टेकत, 'राम कृष्ण हरी' म्हणत, आणि गजरात डोलता डोलता त्या बाईला हळूहळू कडेला सरकवून देत. बुवा निरूपणाला सुरुवात करेपर्यंत जागा परत मिळालेली असे. "बोलणाऱ्याचं तोंड दिसल्याबिगर माझ्या डोक्यात काही शिरत न्हाई," हे त्यांचं म्हणणं साऱ्या टेंभुरखेड्याला पाठ होतं.

साखरा गावाच्या पुढं, हळदीच्या आणि सोयाबीनच्या रानात दडलेलं हे गाव. इथं आशाबाईंनी इतकी कीर्तनं ऐकली होती की एखाद्या बुवांचा दृष्टान्त मधेच घसरला तर टाळकऱ्यांच्या आधी त्यांच्या भुवया वर जात. कानानं त्यांनी सगळं साठवलं होतं. डोळ्यानं मात्र एक अक्षर नाही. शाळेत जायच्या वयात त्या म्हशीमागं गेल्या होत्या, आणि म्हशीमागं जायला अक्षर लागत नाही.

या सगळ्याचं त्यांना एरवी दुःख नव्हतं. दुःख होतं फक्त चैत्रातल्या सप्ताहात. सकाळी मंडपात पारायण बसे. वाचकांच्या रांगा, प्रत्येकापुढं पाट, पाटावर धुतलेलं वस्त्र, वस्त्रावर पोथी. आशाबाई मंडपामागं पोळ्या लाटायला. ओव्या त्यांना तिथंही ऐकू येत, त्यातल्या कितीतरी पाठही होत्या. पण पान संपलं की सगळे वाचक एकदम पान उलटत, आणि मंडपातून एक सळसळ निघे, पिंपळाला वारं लागल्यासारखी. ती सळसळ ऐकली की आशाबाईंचं लाटणं थांबे. त्या आवाजात एकदा आपलाही हात असावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

अडचण घरातलीच होती. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष माणिकराव म्हणजे आशाबाईंचे मालक. माणूस शिस्तीचा. दोन वर्षांमागं बाबूसिंग नावाचा त्यांचा जुना दोस्त पोथीपुढं बसून डुलक्या घेताना सापडला होता. सळसळ झाली की तो दचकून जागा व्हायचा, पान उलटायचा आणि परत झोपायचा. एकदा घाईत त्यानं दोन पानं उलटली आणि शेजाऱ्यानं चहाडी केली. तेव्हापासून माणिकरावांनी माईकवरून नेम जाहीर केला होता: "पोथीम्होरं वाचणाऱ्यानंच बसावं. पानं उलटायला म्हून कुणी बसू न्हाई."

बाबूसिंग त्या दिवसापासून श्रोत्यांत बसे आणि तिथं उघडपणे झोपे.

"मग मला वाचता आलं तर?" आशाबाईंनी एकदा जेवायला वाढता वाढता विचारलं.

"आलं तर मी सोता तुझी पोथी मांडीन," माणिकराव म्हणाले. "पर आता ह्या वयात कुठं?"

"वयाचं काय घेऊन बसले? तुमी मागच्या वर्षी मोबाइल शिकलेच की. अजून लोकायला चुकून फोन लागतेत, ती गोष्ट येगळी."

नेमका त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गावात साक्षरतेचा वर्ग आला, आणि शिकवायचं काम स्वयंसेवक म्हणून सुनेकडंच आलं. पुनम बारावी झालेली, उत्साही पोरगी. तालुक्याला प्रशिक्षणाला जाऊन आली ती डोळे चमकवतच. "आत्याबाई, तिथले साहेब म्हणाले, मोठं माणूस म्हणजे रिकामं मडकं न्हाई. त्याच्याजवळ जे हाय तिथूनच सुरू करायचं. 'कमळ' शिकवू नका, 'हळद' शिकवा."

"बराबर हाय," आशाबाई म्हणाल्या. "कमळ मी अजून बघितलंच न्हाई, फक्त निवडणुकीत."

वर्गाला पुस्तकांचा गठ्ठा यायचा होता, तो शेवटपर्यंत आला नाही. आलं एकच पुस्तक. त्यानं काही अडलं नाही, कारण विद्यार्थिनीही तीनच टिकल्या: आशाबाई, शेजारच्या पार्वतीबाई आणि बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या हलीमा. दुपारची कामं उरकली की आशाबाईंच्या ओसरीवर मधे पाट मांडायचा, पाटावर पुस्तक ठेवायचं आणि भोवती चौघींनी बसायचं. पुनमनं पहिल्या दिवशी सासूला आपल्या शेजारी बोलावलं.

"कीर्तनाला कुणी बुवाच्या शेजारी बसतं का?" आशाबाई म्हणाल्या. "मी समोर बसणार. मला तुझं तोंड दिसलं पाह्यजे."

त्या पाटाच्या पलीकडं बसल्या. पार्वतीबाईंचा गुडघा वाकत नसे, म्हणून पाय पसरायला त्यांनी उजवी बाजू घेतली. हलीमाला डाव्या बाजूनं दुकानावर लक्ष ठेवता येई. अशा पाटाच्या चारी बाजू भरल्या आणि शिक्षण सुरू झालं.

पुनम बोट ठेवी आणि म्हणे, "हळद." तिघी म्हणत, "हळद." अक्षरांची गंमत वाटायला लागली तसा वर्ग रंगला. आशाबाई तर प्रत्येक ओळीनंतर सवयीनं 'विठ्ठल विठ्ठल' म्हणून जात, आणि मग हलीमाही हसत हसत मान डोलावी.

"ही वरची रेघ," पुनम एकदा म्हणाली, "हिला अक्षरं कशी लटकलीत बघा. दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखी."

आशाबाईंनी नीट निरखलं. "लटकलीत कुठं? मला तं रेघ म्हंजी जमीन दिसती, अन् अक्षरं त्याच्यातून वर आलेली. हळद उगवल्यासारखी."

"मेरे को तो वेल दिखता है," हलीमा म्हणाली. "खांबाला धरून चढलेला."

पुनमला भरून आलं. साहेब म्हणाले होते ते खरंच होतं. प्रत्येक जण आपल्या अनुभवातून शिकतो. त्या दिवशी तिनं नवऱ्यालाही हे सांगितलं.

पाटीवर लिहिणंही झोकात चाललं. आशाबाई मांडीवर पाटी घेऊन लिहीत आणि तशीच, न फिरवता पुढं सरकवत. पुनम समोरून वाची आणि म्हणे, "एकदम बराबर, आत्याबाई." कुठं काना सुटला नाही, कुठं वेलांटी चुकली नाही. फक्त एक गोष्ट आशाबाईंना खटकत होती. वारंगा फाट्यावरून माहेरी जाताना एसटीच्या पाट्या काही केल्या वाचता येईनात. ओळखीचं अक्षर वाटावं आणि जवळ जावं तो परकं निघावं.

"पेंटर लोक नक्षी काढतेत, आत्याबाई," पुनमनं समजूत घातली. "पुस्तकातलं येतं ना? मग झालं."

परीक्षा फाल्गुनातल्या एका रविवारी, गावच्या शाळेत ठेवली होती. तिघी ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून आल्या. बाकं लेकरांची, त्यात कुणाचे गुडघे जाईनात, म्हणून सतरंजीवर बसवलं. देखरेखीला कनेरगाव नाक्याकडून प्रज्ञेश सर आले होते. वयानं तरुण, बोलायला गोड, आणि फसवणुकीचा भारी तिटकारा. चहापाण्याची जबाबदारी माणिकरावांनी अंगावर घेतली होती. म्हणजे खरं तर त्यांना बायकोची परीक्षा बघायची होती. बाबूसिंग त्यांच्यासोबत किटली धरायला आला होता.

सरांनी पेपर वाटले. आशाबाईंनी पेपरला कपाळ टेकवलं, मग पेपर घेतला आणि वरची बाजू आपल्याकडं फिरवून पुढ्यात ठेवला.

सरांनी ते पाहिलं. काही न बोलता जवळ आले आणि पेपर सुलटा करून गेले.

आशाबाईंनी परत फिरवला.

सर परत आले. "काकू, पेपर उलटा धरलाय तुम्ही."

"उलटा तुमी देऊन राहिले, सर," आशाबाई नम्रपणे म्हणाल्या. "मी सुलटा करून घेतला."

सरांची नजर बाजूला गेली. पार्वतीबाईंनी पेपर आडवा धरला होता. हलीमानंही आडवाच, पण दुसऱ्या बाजूला. तीन बायका, तीन दिशा. आख्ख्या जिल्ह्यात असा वर्ग त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी पुनमला दाराशी बोलावलं.

"ताई, खरं सांगा. वर्ग झाले का? की नुसती नावं लावली?"

पुनमनं गळ्याला चिमटा घेतला. "सर, रोज झाले. देवाशपथ. आत्याबाईला तर सगळं येतं."

"पेपर कुठून धरायचा ते येत नाही, आणि सगळं येतं?"

हे खिडकीतून माणिकरावांनी ऐकलं. ज्या बाईच्या नावानं त्यांनी कमिटीत दोन जणांना सांगून ठेवलं होतं की औंदा आमची मंडळी वाचकांत बसणार, ती बाई साऱ्या गावादेखत पेपर उलटा धरून बसली होती. बाबूसिंगच्या हातातली किटली हलत होती. तो हसत होता, पण मित्राची लाज राखून, आवाज न करता.

"चल, घरी चल," माणिकराव दारात येऊन हळूच म्हणाले. "झालं तेवढं पुरं."

"काहून?" आशाबाईंनी वर पाहिलं. "अजून वाचलंच न्हाई तं पुरं काहून?" आणि त्यांनी पेपरातला पहिला उतारा वाचायला घेतला. विहिरीच्या पाण्याबद्दल होता. अडखळत, पण एकही शब्द न सोडता, शेवटी 'विठ्ठल विठ्ठल' लावून त्यांनी तो संपवला.

सर चकित झाले. पण मागे हटले नाहीत. "पाठ केलं असेल. हे वाचा," म्हणून त्यांनी आपला मोबाइल पुढं केला. त्यावर त्या दिवशीच्या बाजारभावाची बातमी होती.

आशाबाईंनी मोबाइल फिरवला. आतली अक्षरंही फिरली. त्यांनी परत फिरवला. अक्षरं परत फिरली. असं चारदा झालं. "सर, ह्याला सांगा की जरा गप बस म्हून. मी वळते तिकडं हे बी वळून राहिलं. असा नवरा मिळायला पाह्यजे होता."

बाबूसिंगचा संयम इथं संपला आणि थोडा चहा सांडला.

"छापलेलं काही आहे का इथं?" सरांनी विचारलं. "ताजं. कुणी न पाहिलेलं."

तसं होतं. हिंगोलीहून सप्ताहाची पत्रकं त्याच सकाळी छापून आली होती आणि माणिकरावांच्या मोटारसायकलच्या पिशवीत गठ्ठा तसाच बांधलेला होता. गाठ त्यांनी स्वतः सोडली. वरचं पत्रक काढून त्यांनी बायकोपुढं ठेवलं. हे वाचलं नाही तर पुनमचा वर्ग खोटा ठरणार, आणि आशाबाईंचं पारायण या जन्मात तरी संपलं.

आशाबाईंनी पत्रक फिरवून घेतलं. बोट ठेवलं. उजवीकडून डावीकडं सरकवत वाचायला लागल्या. सप्ताहाची तिथी वाचली. कीर्तनकारांची नावं वाचली आणि दुसऱ्या नावाला थांबून म्हणाल्या, "ह्या बुवाला परत बोलावलं व्हय? गेल्या वेळी फार लांबवलं त्यानं." मग खालची सूचना वाचली: "वाचकांनी आपापली पोथी सोबत आणावी. ज्यांना वाचता येते त्यांनीच वाचकांत बसावे. आपला नम्र, अध्यक्ष." एवढं वाचून त्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं.

अध्यक्ष चहाच्या पेल्यांकडं बघत होते.

"तुम्ही हे शिकलात कसं?" सरांनी विचारलं. "म्हणजे, बसत कशा होता तुम्ही?"

"दाखवतो की," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि तिघी उठून पत्रकाभोवती बसल्या. पुनम आपोआप आपल्या जागी गेली. समोर आशाबाई, उजव्या हाताला पाय पसरून पार्वतीबाई, डावीकडं हलीमा, अर्धं लक्ष दुकानाच्या दिशेनं. मधे पत्रक, पुनमकडून सुलटं.

सर बघत राहिले. पुनम बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई. पाटी बी तुमी तिकडून लिहीत होत्या. म्हणून मला इकडून बराबर दिसायची."

"मग मी काय चुकीचं लिहिलं का?" आशाबाईंनी विचारलं.

"न्हाई आत्याबाई. एक अक्षर चुकलं न्हाई. फक्त सगळं दुसऱ्या बाजूनं शिकलात."

"वो तो मैं बोलीच थी, वेल है करके," हलीमा म्हणाली. "किसी ने सुना नहीं."

सर खुर्चीत बसले आणि मनापासून हसले. मग त्यांनी सूचनांचा कागद दोनदा वाचून काढला. "यात पेपर कुठून धरायचा ते कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "लिहा काकू. तुम्हाला जिकडून दिसतो तिकडून लिहा. मला माझ्याकडून सुलटं मिळालं की झालं." आणि मिळालंही. आशाबाईंचा पेपर त्यांनी आपल्याकडं वळवला, तर त्यावर टपोऱ्या सुलट्या अक्षरात सगळी उत्तरं होती. जाताना ते पुनमला म्हणाले, "पुढच्या वर्षी सगळ्यांना मोबाइलवर शिकवायचं ठरतंय, ताई. तिथं असा घोटाळा व्हायचा नाही."

"व्हायला पाह्यजे थोडा," बाबूसिंग किटली उचलत म्हणाला. "न्हाई तं इथं चहा प्यायला कोण येईल?"

तिघीही पास झाल्या. गावात पेढे वाटले गेले. पण माणिकरावांना झोप लागेना. शब्द दिला होता, मांडायची तर होती पोथी. आणि ती उलटी.

"हे बघ," ते आशाबाईंना म्हणाले, "बाकी कागद उलटा धर, पेपर उलटा धर, मला तकलीफ न्हाई. पर पोथी उलटी मांडायची? डोकं खाली अन् पाय वर? भर मंडपात? माझ्या हातानं व्हायचं न्हाई ते."

हे आशाबाईंनाही पटत होतं. देवाची पोथी उलटी ठेवायची कल्पना त्यांनाही सहन होईना. पुनमनं दोन आठवडे त्यांना आपल्या शेजारी बसवून पाहिलं. 'ह' आणि 'ळ' सुलटे जमले, पुढं गाडी हलेना. "सारी अक्षरं शीर्षासन करून राहिलीत," आशाबाई म्हणत. "ह्यांचं रक्त डोक्यात उतरलं तं?" सप्ताह तोंडावर आला. सुनेला हुरूप द्यायला त्या हसत होत्या, पण पोळपाट-लाटणं त्यांनी मुकाट्यानं काढून ठेवलं होतं.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी माणिकराव ओसरीवर आपला पाट पुसत बसले होते. वस्त्र अंथरलं, वर आपली पोथी ठेवून पाहिली, नीट बसते का ते. आशाबाई गाईला चारा टाकून आल्या आणि दमून समोर टेकल्या. टेकल्या त्या नेहमीच्या जागी, पाटाच्या पलीकडं. डोळे पोथीवर गेले आणि तोंड आपोआप चालू झालं. एक ओवी झाली. दुसरी झाली.

माणिकरावांचं पुसायचं फडकं हातातच राहिलं.

"पोथी कशी हाय?" आशाबाईंनी विचारलं.

"सुलटी," माणिकराव म्हणाले.

"मग फिरवता काहून? असू द्या तिथंच. तुमी तुमच्या जागी बसा, मी माझ्या. मी कीर्तनाला समोरच बसते की न्हाई?"

माणिकरावांनी उठून पोथी पलीकडून पाहिली. मग म्हणाले, "एका पोथीवर दोघं वाचलेलं कुठं बघितलं न्हाई मी."

"दोघं वाचू न्हाई असा नेम हाय का तुमच्या पत्रकात? मी वाचलंय ते. सगळं वाचलंय."

कमिटीत थोडी कुजबुज झाली, पण अध्यक्षच दोषी म्हटल्यावर बोलणार कोण. देवाकडं कुणाचीच पाठ नको, म्हणून रांगेच्या टोकाला पाट आडवा मांडला. एका बाजूला माणिकराव, दुसऱ्या बाजूला आशाबाई, मधे पोथी. माणिकरावांनी शब्दाप्रमाणं ती स्वतः मांडली आणि हळदकुंकू वाहताना पहिलं बोट आशाबाईंच्या बाजूनं टेकवलं. पार्वतीबाई श्रोत्यांतून पाय पसरून बघत होत्या. हलीमा मंडपाच्या कडेला, पुनमच्या शेजारी उभी होती.

पहिला दिवस ओळी शोधण्यात गेला. आशाबाईंच्या कानात ओवी आधी यायची आणि बोट मागून पोचायचं. दुसऱ्या दिवशी बोट आणि कान बरोबर चालले. पान उलटायचं काम मात्र माणिकरावांचं होतं, पोथी त्यांची, सवय त्यांची. सळसळ व्हायची ती समोरून, आणि आशाबाईंचा हात मांडीवरच राहायचा. त्या काही म्हणाल्या नाहीत. वाचायला मिळत होतं, हेच खूप होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन चढलं होतं. मंडपाखाली कोंडल्यासारखं झालं होतं, पंख्याचं वारं माणिकरावांच्या अंगावर येत नव्हतं, आणि आदल्या रात्री त्या बुवांनी खरोखरच फार लांबवलं होतं. माणिकरावांचा आवाज हळू झाला. मग नुसते ओठ हलू लागले. मग तेही थांबले आणि हनुवटी छातीला टेकली.

आशाबाई वाचत होत्या. पानाची शेवटची ओवी आली, संपली. मंडपभर हात उठले. त्यांनी क्षणभर समोर पाहिलं. मग पदर सावरला, पानाचं टोक चिमटीत धरलं आणि उलटलं. सगळ्यांच्या बरोबर, ना आधी ना मागून. सळसळ झाली. या वेळी ती मंडपामागून आली नाही, त्यांच्या बोटातून गेली. डोळे भरले आणि नव्या पानाची पहिली ओळ जरा पाण्यात पोहायला लागली, पण ती त्यांना पाठच होती.

त्या सळसळीनं माणिकराव दचकून जागे झाले, आणि घाईघाईत त्यांनी आणखी एक पान उलटलं.

आशाबाईंनी वाचणं न थांबवता हात पुढं केला, ते पान परत मागं घेतलं आणि चालू ओळीवर बोट ठेवून त्यांना दाखवलं. श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेत बाबूसिंग आज नेमका जागा होता. तो जोरात खाकरला. माणिकरावांनी तिकडं पाहिलं नाही. डोळे बायकोच्या बोटावर ठेवले आणि मुकाट्यानं ओवी उचलली.